यंत्रमानवाचे हात कोणाचे?

‘हाताने करून शिकणे’ हा शब्दप्रयोग आपल्या देशात निष्पाप नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम केले आणि ज्यांना शिकण्याची तेवढी बंदी होती, त्यांच्या मुलांना आज सांगितले जाते की हाताने केल्यावाचून खरे ज्ञान होत नाही! यातला उपरोध शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात येत नाही. आपल्या ध्यानात तो यायला हवा. मात्र नुसत्या उपरोधावर थांबून चालणार नाही.

यंत्रमानव जोडण्याचे व त्याला आज्ञावली देण्याचे जे वर्ग आज शाळांतून निघत आहेत, त्यांचा एक मोठा वैचारिक आधार सीमोर पेपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथात आहे. पेपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मले, तरुणपणी तिथल्या वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात उभे राहिले आणि पुढे अमेरिकेत अध्यापक झाले. संगणकाने मुलाला नव्हे, मुलाने संगणकाला शिकवावे, ही त्यांची भूमिका. जमिनीवर फिरणाऱ्या यांत्रिक कासवाला ‘इतके पुढे जा, इतके अंश वळ’ असे सांगत मुलाने भूमिती स्वतः शोधावी. चौरसाऐवजी भलतेच काही उमटले, तर आज्ञावलीतला दोष हुडकायचा आणि काढायचा.

एवढ्या एका मुद्द्यासाठी मी पेपर्टला आपल्या बाजूचा मानतो. आपल्या मुलाची चूक ही कधीच नुसती चूक नसते. फळ्यापाशी गणित चुकले की मागून कोणीतरी हसते, आणि त्या हसण्यात ‘यांना जमायचेच नाही’ हे वाक्य दडलेले असते. इतरांची चूक त्यांची एकट्याची; आमची चूक जातीच्या खाती जमा होते. म्हणून आमची मुले वर्गात हात वर करीत नाहीत. मीही करीत नव्हतो. आता काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी घ्या. तिच्या पोटाशी दोन संवेदक असतात. पांढरी जमीन अवरक्त किरण परत पाठवते, काळी पट्टी ते शोषून घेते. त्यावरून कोणत्या चाकाची मोटार थांबवायची ते आज्ञावली ठरवते. गाडी पट्टी सोडून भरकटली, तर बॅटरी उतरली, तार सुटली, की अट उलटी लिहिली गेली, हे एकेक करून तपासावे लागते. इथे दोष वस्तूत असतो, मुलाच्या जन्मात नसतो. हा अनुभव आमच्या मुलाला किती उशिरा मिळतो!

पण पेपर्ट अपुरे पडतात तेही सांगितले पाहिजे. बालपणी आपण दातेरी चाकांच्या प्रेमात पडलो, असे ते प्रस्तावनेत लिहितात. वऱ्हाडातल्या कितीतरी पोरांना दातेरी चाक प्रथम भेटले ते जिनिंगमध्ये, आणि ते प्रेम करण्याजोगे नव्हते. ब्राझीलच्या सांबा शाळांत लहानथोर, नवखे-जाणते एकत्र शिकतात, याचे पेपर्टना फार अप्रूप. मोझरीच्या माणसाला यावर खंजिरीची भजने आठवतील. मला आंबेडकरी जलसा आठवतो. तिथेही शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात भिंत नव्हती. पण जलशाला काही सांगायचे होते. शाळेतल्या यंत्रमानवाला काय सांगायचे आहे?

मोझरीहून वर्धा लांब नाही. तिथे १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली. १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनीही ‘ग्रामगीते’त जीवनशिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियारांच्या चळवळीने तिला ‘कुलशिक्षण’ म्हणून धुडकावले आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. जात ही श्रमिकांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा हाताला काम मिळते की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते काम कोणी ठरवले, हेही विचारावे लागते.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. त्यातले १० लाख उभारणीला, बाकीचे चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून अशा ५०,००० प्रयोगशाळा काढण्याचे जाहीर झाले. स्वागत आहे. पण प्रारंभीच्या अटींत १,५०० चौरस फूट जागा मागितली होती. जिथे दोन इयत्ता एका खोलीत बसतात त्या शाळेने ती आणायची कुठून? आणि मिळाली तरी काय होते? एका शाळेत मी पाहिले : काचेचे कपाट, त्याला कुलूप, आत सुटे भाग ओळीने मांडलेले, वर सूचना, ‘हात लावू नये.’ पाहुणे आले की ठरलेली दोन मुले गाडी चालवून दाखवतात, बाकीची टाळ्या वाजवतात. स्पर्शबंदीची ही पाटी वाचायला आम्हाला शिकवावे लागत नाही.

याउलट पुणे जिल्ह्यातले पाबळ पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्य शिकतात आणि गावाची कामे मोबदला घेऊन करतात. २००२ साली अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब निघाली तीही इथेच. वस्तू आधी गावाला हवी असते, मग मूल ती बनवते. क्रम महत्त्वाचा आहे.

२०१५ साली कोझिकोडला मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेला रिक्षाचालक गुदमरून मेले. मानवी मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा तेव्हा दोन वर्षांचा होता. पुढे २०१८ साली केरळच्या तरुण अभियंत्यांनी गटारात उतरणारा ‘बँडिकूट’ यंत्रमानव आणला. आमच्या शालेय स्पर्धांतून यंत्रमानव चेंडू ढकलतो, भिंत चुकवतो, पट्टीवरून चालतो. गटार त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

हे सारे मी वर्गात सांगत होतो. विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग भरून शिकणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, थे मशीन चालवन कोन? अन् बिघडलं त आत हात कोन घालन? आमीच नं?” मग बाकावरची गाडी त्याने उलटी केली आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला.