'ट्रॅप्ड' : पस्तिसाव्या मजल्यावरची हाक

गिरगावातल्या चाळीत रात्री कुणी खोकले तर शेजारच्या खोलीत कळते. तेथून सहा-सात किलोमीटरवरच्या प्रभादेवीत एक तरुण दिवसेंदिवस ओरडत राहतो आणि कुणालाही ऐकू जात नाही. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'ट्रॅप्ड' (२०१७) या हिंदी चित्रपटाचा विषय एवढाच. थोड्या खर्चात, बव्हंशी एकाच सदनिकेत आणि राजकुमार राव या एकाच नटाच्या बळावर तो उभा आहे.

शौर्यला घाईने घर हवे असते. दलाल त्याला 'स्वर्ग' नावाच्या ओस पडलेल्या उंच इमारतीत पस्तिसाव्या मजल्यावर जागा देतो. एके दिवशी किल्ली बाहेर कुलपातच राहते आणि दार लागते. मग वीज जाते, पाणी जाते, फोनही बंद पडतो.

पण खाली भर रस्ता असताना हाक ऐकू जात नाही, हे पटते का? आपण हिशेब करू. मजल्याला तीन मीटर धरले तर उंची सुमारे १०० मीटर. जोरात ओरडल्यास एक मीटरवर सुमारे ९० डेसिबल आवाज होतो. अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. १०० मीटरवर उरतात ५०. रस्त्यावर वाहनांचाच आवाज ७० च्या घरात. हा २० डेसिबलचा फरक म्हणजे तीव्रतेत शंभरपट! हाक खाली पोचते, पण गोंगाटात बुडते. उलट खालचा गोंगाट वर स्पष्ट ऐकू येतो, कारण तो एका ठिकाणचा नसून साऱ्या परिसरात पसरलेला असतो. ध्वनिसंयोजक अनिश जॉन यांनी हा एकतर्फी व्यवहार फार नेमका पकडला आहे.

मग रखवालदार कमी ऐकणारा का दाखवला? आम्हाला ही पटकथेची चूक वाटते. तीक्ष्ण कानांच्या माणसालाही ती हाक ऐकू गेली नसती, आणि ते अधिक भयंकर झाले असते. सुरुवातीची प्रेमकथाही घाईघाईत उरकली आहे.

उंदराचा प्रसंग मात्र विसरता येत नाही. आधी उंदराला पाहून थरथरणारा शौर्य पुढे त्याच्याशीच बोलू लागतो. बोलायला माणूस नसेल तर मन दुसरा श्रोता शोधते, हे तेथे एकही शब्द न समजावता कळते. शाकाहारी असलेला हाच मुलगा पुढे कबुतर मारून खातो. पाऊस येतो तेव्हा तो जमेल त्यात पाणी साठवतो. (एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, हे गणित वर्गात जरूर घ्यावे.)

रक्ताची आणि कबुतराची दृश्ये अंगावर येतात. त्यामुळे शिक्षकांनी चित्रपट आधी स्वतः पाहावा आणि मग वरच्या वर्गांनाच दाखवावा. त्यानंतर मुलांना मैदानावर न्यावे. एकाने हाक मारायची, बाकीच्यांनी १०, २०, ४० मीटरवर उभे राहून ऐकायची. मग तोच प्रयोग गर्दीच्या रस्त्यालगत करावा आणि हाक कुठवर कळते ती अंतरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.