शास्त्रीय संगीताचा विश्वसंचार आणि त्याचा सामाजिक परिणाम : केसरबाई केरकर यांच्या संदर्भात एक चिकित्सा

शास्त्रीय संगीताच्या जागतिक सामाजिक प्रभावाविषयी जे लेखन होते, त्यात ‘प्रसार’ आणि ‘प्रभाव’ हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. एखादा राग किती देशांत ऐकला गेला, किती परदेशी विद्यार्थ्यांनी सतार हाती घेतली, यांची नोंद ही प्रसाराची नोंद होय. ते संगीत ज्या समाजातून आले आणि ज्या समाजात पोहोचले, तेथील माणसांच्या परस्परसंबंधांत त्याने काय बदल घडविला, हा प्रश्न निराळा आहे. सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या उदाहरणात या दोहोंतील अंतर विशेष ठळकपणे दिसून येते.

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने व्हॉयेजर १ व २ ही याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोनेरी मुलाम्याची एकेक ध्वनिमुद्रिका बसविलेली आहे. तीत मराठीसह ५५ भाषांतील शुभेच्छा आणि संगीताचे २७ नमुने आहेत. बाख यांच्या तीन व बीथोवन यांच्या दोन रचनांना त्यात स्थान मिळाले. भारताच्या वाट्याला एकच नमुना आला. तो म्हणजे केसरबाईंनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचविली होती. निवड समितीला तिची तबकडी अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात मिळाली. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. २०१२ मध्ये हे यान सूर्याचे प्रभावक्षेत्र ओलांडून गेले. प्रसार याहून दूरचा असू शकत नाही. मात्र जे दूर गेले ते जुन्या तबकडीवरचे सुमारे साडेतीन मिनिटांचे गाणे होते. जयपूर-अत्रौली गायकीतील रागाचा संथ, दमदार विस्तार ज्या मैफलीत घडत असे, ती मैफल, तिचे श्रोते आणि त्या श्रोत्यांशी गायिकेचे असलेले नाते यांतील काहीही त्याबरोबर गेले नाही, जाणे शक्यही नव्हते.

प्रसाराबरोबर प्रत्यक्ष सामाजिक कार्य घडल्याचे उदाहरण म्हणून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चा उल्लेख केला जातो. निर्वासितांच्या मदतीसाठी पं. रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसन यांच्या साहाय्याने हा उपक्रम घडवून आणला, हे मोठेच कार्य होते. तथापि, वाद्ये जुळविली जात असतानाच तेथील श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, हा प्रसंगही तितकाच प्रसिद्ध आहे. निधी उभा राहिला तो कलावंतांच्या कळकळीमुळे आणि हॅरिसन प्रभृतींच्या लोकप्रियतेमुळे. त्याचे श्रेय रागसंगीताच्या अंगभूत शक्तीला देणे हे घाईचे ठरेल.

रागसंगीताने समाज बदलला असेल तर तो कोठे, हे पाहण्यासाठी केसरबाईंच्या जन्मगावाकडे, गोव्यातील केरीकडे यावे लागते. त्यांचा जन्म कलावंत समाजात झाला. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या, विवाहसंस्थेच्या बाहेर ठेवल्या गेलेल्या आणि धनिकांच्या आश्रयावर अवलंबून असलेल्या स्त्रियांचा हा समाज होता. गाणे हे त्यांचे कौशल्य होते आणि तोच त्यांच्यावरील कलंकही मानला जाई. मोगूबाई कुर्डीकर याही त्याच समाजातून आल्या. केसरबाईंनी १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे दीर्घकाळ तालीम घेतली आणि आपल्या अटींवर गाणारी गायिका म्हणून मुंबईत स्थान मिळविले. त्याच दशकाच्या अखेरीस गोमंतक मराठा समाज ही संस्था आकाराला आली. शिक्षण व विवाह यांच्या मार्गाने प्रतिष्ठा मिळवावी, असे तिच्या सुधारणेचे धोरण होते.

याच काळात संगीताचीही ‘सुधारणा’ चालू होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना गाणे शिकता येऊ लागले, हा या चळवळीचा निर्विवाद लाभ होय. परंतु संगीताला सभ्यता मिळवून देताना, ज्यांनी ते गळ्यात सांभाळले त्या स्त्रियांपासून ते दूर करण्यात आले, ही तिची दुसरी बाजू आहे. १९४६ मध्ये सरदार पटेल माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण स्वीकारले गेले. कलेची पात्रता गळ्यावर नव्हे, तर घरावर ठरू लागली.

केसरबाईंनी ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांपासून स्वतःला बव्हंशी दूर ठेवले. रसिकांच्या आठवणींत ही गोष्ट त्यांच्या करारी, काहीशा तऱ्हेवाईक स्वभावाचा भाग म्हणून येते. वस्तुतः ज्या स्त्रीच्या कलेवर आणि देहावर इतरांनी हक्क सांगावा अशी रूढी होती, तिने आपले गाणे कोणी, कोठे आणि केव्हा ऐकावे हे स्वतः ठरविणे, याला केवळ स्वभाव म्हणणे अपुरे आहे. आणि जिने हे नियंत्रण एवढ्या कसोशीने जपले, तिचेच गाणे कोणीही श्रोता निश्चित नसलेल्या प्रवासाला निघावे, हा योगही विलक्षणच.

त्यांनी शिष्य जवळजवळ केलेच नाहीत. अपवाद धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांचा. कोल्हापूरच्या ब्राह्मण कुटुंबातील धोंडूताईंनी आधी अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे व पुढे केसरबाईंकडे विद्या घेतली. मुस्लिम उस्तादाकडून कलावंत स्त्रीकडे आणि तिच्याकडून ब्राह्मण स्त्रीकडे असा हा विद्येचा प्रवास आहे. जातिधर्माच्या ज्या मर्यादा एरवी ओलांडणे अवघड होते, त्या गुरुगृही ओलांडल्या गेल्या. त्या बाहेर मात्र मोडल्या नाहीत. संगीताच्या सामाजिक प्रभावाची शक्ती आणि सीमा दोन्ही येथे एकत्र दिसतात; न्यूयॉर्कच्या सभागृहापेक्षा या तालमीच्या खोलीत त्या अधिक दिसतात.

मराठी संगीतसमीक्षेने या बाजूकडे फारसे लक्ष दिले नाही, असे म्हणावे लागते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या मौलिक ग्रंथाने घराण्यांचा सौंदर्यविचार मांडला. स्वर आणि लय यांच्या समतोलाचे त्यातील विवेचन आजही मार्गदर्शक आहे. परंतु या विवेचनाचा विषय गायकी आहे, गायिकेची सामाजिक जागा नव्हे. ती उणीव प्रामुख्याने इंग्रजीतील अभ्यासांनी भरून काढली. जानकी बखले यांनी २००५ च्या ग्रंथात पलुस्कर-भातखंडे यांच्या कार्यातील वगळण्याची प्रक्रिया उघड केली. अंजली आरोंदेकर यांनी २०२३ च्या ग्रंथात गोमंतक मराठा समाजाच्या संग्रहाचा अभ्यास करून, या समाजाचा इतिहास हरवला आहे हे गृहीतकच नाकारले. तो इतिहास विपुल आहे आणि त्याची पुष्कळशी कागदपत्रे मराठीत आहेत.