आयरिश आडनांवें आणि कुलाभिमान

आडनांवांचा अभ्यास हा विषय वरवर पाहतां निरुपद्रवी दिसतो. परंतु ज्या समाजावर दीर्घकाळ परकीयांचें राज्य होतें, तेथें त्याला हात घालणें म्हणजे अभिमानाच्या दुखऱ्या जागीं बोट ठेवणें होय. वाचकाला आपल्या नांवामागें राजा हवा असतो. संशोधकाला तेथें बहुधा एखादा कारकून सांपडतो. अशा वेळीं संशोधकानें कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न एडवर्ड मॅक्लायसॅट यांच्या 'आयरिश फॅमिलीज' (१९५७) या ग्रंथानें व त्यामागून आलेल्या 'द सर्नेम्स ऑफ आयर्लंड' या कोशानें फार स्पष्टपणें उभा केला आहे. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी या विषयांत शिरणाऱ्याला अद्यापि त्यांच्याच दारावरून जावें लागतें. म्हणून त्यांच्या गुणदोषांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वंशपरंपरागत आडनांवें ज्या युरोपीय देशांत फार लवकर रूढ झालीं, त्यांपैकीं आयर्लंड हा एक. 'मॅक' म्हणजे मुलगा; 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. बापाचें वा आजाचें नांव पिढीगणिक बदलत असे. तें एका पूर्वजापाशीं येऊन थांबलें, तेव्हां आडनांव जन्मास आलें. ही चाल ब्रायन बोरू या राजानें हुकूम काढून पाडली, अशी एक आवडती कथा आहे. ब्रायन १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या रणांत पडला. परंतु ओ क्लेरी हें नांव त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें, ९१६ सालच्या नोंदींत आढळतें. ओ'ब्रायन घराणें ब्रायनपासून निघालें हें खरें. चाल त्यानें पाडली हें खरें नव्हे. या दोन विधानांतील अंतर कायम राखणें हाच या शास्त्राचा पहिला धडा होय, आणि मॅक्लायसॅट तो कोठेंही विसरत नाहींत. 'मॅक' पूर्ण लिहिलें तर माणूस स्कॉटिश आणि आंखूड लिहिलें तर आयरिश, ही समजूतही ते अशीच मोडीत काढतात. लिहिण्याच्या त्या दोन तऱ्हा, शब्द एकच.

नांवें बदललीं कशीं, हा या ग्रंथांतील सर्वांत भरीव भाग. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यांनीं इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश भाषा व आयरिश नांवें वापरण्याची बंदी केली. पुढें १४६५ च्या कायद्यानें डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेअर या प्रांतांत इंग्रजांमध्यें राहणाऱ्या आयरिश माणसानें एखाद्या गांवाचें, रंगाचें, धंद्याचें अथवा हुद्द्याचें इंग्रजी नांव घ्यावें, असें फर्माविलें. एका कायद्यानें राज्यकर्त्यांस आयरिश होऊं द्यावयाचें नव्हतें. दुसऱ्यानें आयरिशांस आयरिश राहूं द्यावयाचें नव्हतें. परंतु कायद्याहून खोल घाव घातला तो सतराव्या शतकांतील पराभवांनीं. गेलिक सरदार देशोधडीस लागले, जमिनी गेल्या, आणि 'ओ' व 'मॅक' हीं उपपदें हजारों घरांतून गळून पडलीं.

उरलेलें काम दप्तरांतील लेखणीनें केलें. इंग्रज कारकून ऐकेल तसें लिही, आणि कळेल तसें भाषांतर करी. सुताराच्या मुलाला आयरिश भाषेंत 'मॅक अन् टीर' म्हणत. त्याचें कोठें मॅकॅटीर झालें, कोठें कार्पेंटर झालें. आणि मुळांतील 'सीर' या शब्दाचा दुसरा अर्थ 'स्वतंत्र' असल्यामुळें कोठें फ्रीमनही झालें! 'मॅक कॉनरी' या नांवाचा शेवट राजा या अर्थाच्या 'री' शब्दासारखा ऐकूं आला, म्हणून तें घराणें किंग ठरलें. 'मॅक किनाव' या नांवांत पोहणें या अर्थाचा शब्द दडलेला. त्याऐवजीं नदीचा उतार कल्पून फोर्ड हें नांव माथीं बसलें. एका भावाचें नांव उच्चारावरून लिहिलें जावें आणि दुसऱ्याचें भाषांतरावरून, एवढ्यानें पुढील पिढ्या परस्परांस परक्या होत.

याच्या उलट प्रवाहही होता, आणि तो दाखवितांना मॅक्लायसॅट यांची लेखणी विशेष खुलते. नॉर्मन विजेत्यांपैकीं द आंगुलो घराण्यानें 'मॅक' लावून घेतलें आणि त्याचें कॉस्टेलो झालें. बर्क व फिट्झजेराल्ड मुळांत परके. पण आज त्यांना कोण आयरिश म्हणणार नाहीं? वॉल्श या नांवाचा अर्थच मुळीं वेल्सचा माणूस असा आहे. उलट फिट्झपॅट्रिक हें दिसावयास नॉर्मन, पण मूळचें अस्सल गेलिक.

मग नांवावरून रक्त ओळखतां येतें काय? १८९० सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनीं १८९४ त सादर केलेल्या अहवालांत मर्फी हें नांव १,३८६ जन्मांसह पहिलें, केली १,२३८ सह दुसरें, आणि स्मिथ पांचवें आहे. परंतु मर्फी हें एक घराणें नव्हे. वेक्सफर्ड, कॉर्क इत्यादि ठिकाणीं तें स्वतंत्रपणें उत्पन्न झालें. स्मिथांत कॅव्हन परगण्यांतील मॅक गावन, म्हणजे लोहाराचे वंशज, जसे आहेत तसे इंग्लंडांतून आलेले स्मिथही आहेत. आपल्याकडे प्रत्येक कुलकर्णी एका मूळ पुरुषाचा नव्हे, तें वतनाचें नांव आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यास हें सांगणें नलगे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २००६ सालीं पितृपरंपरेनें येणाऱ्या गुणसूत्रांची तपासणी केली, तींतूनही हेंच दिसलें: विरळ नांवांमागें पुष्कळदां एकच पूर्वज सांपडतो, फार पसरलेल्या नांवांमागें अनेक.

येथवर आमचा व ग्रंथकाराचा पूर्ण एकमेळ आहे. आतां मतभेद. नांवांच्या बाबतींत इतका कठोर असलेला हा पंडित कुलचिन्हांच्या बाबतींत मात्र एकाएकीं सैल होतो. ढालीवरील चिन्ह विशिष्ट व्यक्तीस व तिच्या वंशजांस दिलेलें असतें. मॅक्लायसॅट यांनीं समूहाच्या चिन्हाची कल्पना पुढें आणून, त्या कुळाचा म्हणविणाऱ्यानें तें मिरविल्यास गैर नाहीं, असें सुचविलें, आणि ग्रंथांत रंगीत चित्रेंही छापलीं. ज्या मर्फींना एक पूर्वज नाहीं असें त्यांनींच सिद्ध केलें, त्यांना एक ढाल कशी मिळावी? पुराव्यानें जें नाकारलें, तें चित्रानें परत दिलें. अशा ढाली विकणाऱ्या दुकानदारांना याहून सोयीचा आधार कोणता हवा होता? आपल्याकडील कुलवृत्तांत ज्यांनीं चाळले असतील, त्यांना ज्ञानाची अभिमानाशीं झालेली ही तडजोड ओळखीची वाटेल.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. कोशांत आयरिश रूपें दिलीं आहेत तीं पुरुषांचीं, 'ओ' आणि 'मॅक' यांचीं. परंतु आयरिश भाषेंत मुलगी 'ओ' लावीत नाहीं; ती 'नी' वा 'निक' लावते, आणि पत्नी 'ई' वा 'विक'. इंग्रजी दप्तरानें हा भेद पुसून आईलाही मुलाचें उपपद जोडलें. कारकुनानें केलेल्या भाषांतराची इतकी चिकित्सा करणाऱ्या कोशकारानें, त्याच कारकुनानें निम्म्या समाजाचें व्याकरण मोडलें, तिकडे तितकेंच लक्ष पुरवावयास हवें होतें.

हे दोष सांगूनही आमचें मत ग्रंथकाराकडेच झुकतें. १८९२ त डग्लस हाइड यांनीं आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत नांवें टाकून देणाऱ्या देशबांधवांस खडसाविलें. पॅट्रिक वुल्फ या धर्मोपदेशकानें १९२३ त आयरिश नांवांचा मोठा संग्रह सिद्ध केला. आणि गळालेला 'ओ' घरोघर परत येऊं लागला. स्वतः मॅक्लायसॅट जन्मानें नुसते लायसॅट. 'मॅक' त्यांनीं मागाहून जोडला. त्यांच्या कुळाच्या मूळ आयरिश नांवाचा अर्थ परक्या तरुणाचा पुत्र असा आहे, ही गोष्टही त्यांनीं लपविली नाहीं. हिरावलेलें उपपद पुन्हां धारण करण्याचा हक्क माणसाला अवश्य आहे. पण तो निश्चय आजचा असतो, दहाव्या शतकाचा पुरावा नव्हे. हा फरक ओळखून जो 'ओ' लावील त्याचें आम्ही अभिनंदन करूं. आणि जो स्मिथच राहील, त्याचाही इतिहास तितकाच आयरिश आहे, हें त्याला या ग्रंथांच्या आधारें निःशंकपणें सांगूं.