पंक उपसंस्कृती
न्यूयॉर्क व लंडन येथे १९७४–७६ च्या सुमारास उदयास आलेले रॉक संगीत आणि त्याभोवती वाढलेली युवकांची उपसंस्कृती. सेफ्टी पिना लावलेले फाटके कपडे, रंगविलेले ताठ केस व शिवराळपणा म्हणजेच पंक, असा सर्वसाधारण समज आहे. १ डिसेंबर १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ या वादकसंचाने दूरचित्रवाणीवर अपशब्द उच्चारल्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो दृढ केला.

वस्तुतः पंकचे मर्म स्वावलंबी निर्मितीत आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ संचाने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांतून स्वतःच ध्वनिमुद्रिका काढली. त्याच महिन्यात ‘द क्लॅश’ने मात्र सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, तथापि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील वंशद्वेषविरोधी मेळाव्यात त्याच संचाने आपली कला सादर केली. वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’ संचाच्या १९८१ मधील एका गीतावरून तर मद्य व मादक पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ या पंकप्रवाहाला नाव मिळाले. उच्छृंखलतेच्या रूढ कल्पनेत हा संयम बसत नाही. पंकचा वेश पुढे दुकानांत विकत मिळू लागला. त्यामुळे वेशावरून केलेली त्याची पारख फसवी ठरते. आपल्या निर्मितीची जबाबदारी कोण स्वतः घेतो, हीच त्याची अधिक विश्वसनीय कसोटी होय.