थोरल्या भावाचे काय चुकले?

पाऊस लांबला होता. शेतात काम नव्हते म्हणून वर्ग भरलेला होता, आणि गणिताचे शिक्षक नांदेडला गेल्यामुळे तास रिकामा होता. मुलांनी गोष्ट मागितली. मी आठवीच्या त्या वर्गाला येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली.

ती बहुतेकांना ठाऊक असेल. बाप जिवंत असतानाच धाकटा मुलगा वाटणी मागतो, ती घेऊन परमुलखात जातो आणि पैसा उडवतो. पुढे दुष्काळ पडतो. डुकरे राखण्याची पाळी येते. डुकरांच्या तोंडच्या शेंगांवर नजर जाऊ लागते तेव्हा त्याला घर आठवते. बापापुढे काय बोलायचे ते मनाशी ठरवून तो परत निघतो. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो, अंगावर नवा झगा घालतो, बोटात अंगठी घालतो आणि मेजवानी मांडतो. थोरला शेतातून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि अंगणातच अडून बसतो.

इथे मी थांबलो. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, थोरल्याचं काय चुकलं?" लगेच दुसरा म्हणाला, "अन् उडवलेली जमीन माघारी आली का?"

आमच्या लातूर जिल्ह्यात, कोरडवाहू रानात, वाटणी म्हणजे काय हे आठवीतल्या पोराला शिकवावे लागत नाही. दोन भावांत एक बांध आणि त्या बांधापायी वीस वर्षांची कोर्टकचेरी, हे त्याने घरात नाही तर शेजारी पाहिलेले असते. मला उत्तर देता आले नाही. घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र वर्षभर सोबत राहिला. त्याच्या नादाने मी मराठीतले ख्रिस्ती वाङ्मय पुन्हा काढून वाचले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. जन्माने ख्रिस्ती नाही, आणि धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. त्यातून नांदेड हे नरहर कुरुंदकरांचे गाव. देवाधर्माविषयी सैल बोललेले आमच्याकडे खपत नाही. म्हणून कादंबरी लिहिणाऱ्याला जेवढे कळते तेवढेच मी विचारणार आहे. लेखकाने लावलेल्या विशेषणांवरून पात्र कळत नाही. अडचणीच्या वेळी ते कसे वागते यावरून कळते. सर्वसमर्थ, सर्वज्ञ, पवित्र, न्यायी ही विशेषणे ख्रिस्ती देवाला आहेत, तशी ती इतरांच्या देवांनाही आहेत. आपल्या मराठी लेखकांनी त्याचा स्वभाव कसा दाखवला, एवढेच पाहू.

पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले, आणि १६१६ साली साष्टी प्रांतातल्या रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. त्या लिपीमुळे घाटावरच्या वाचकाला हा ग्रंथ फार काळ परका राहिला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली तो पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे सामान्य मराठी वाचकाला तो हाती धरता आला. स्टीफन्सनी मराठीची जी स्तुती केली ती शाळेतल्या पोरालाही माहीत असते. पण त्या स्तुतीपलीकडचा ग्रंथ फारसा कोणी उघडत नाही. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. स्वर्गाला ते खुशाल वैकुंठ म्हणतात. एवढ्या एका शब्दाने परक्या मुलखातला देव आपल्या ओटीवर येऊन बसतो.

तरीही हा ग्रंथ वाचताना माझे मन एका जागी अडते. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावच्या पुढाऱ्यांवर उगवला गेला. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांची पुराणे काढून घेतली गेली, आणि त्या रिकाम्या जागी हे पुराण आले. पुढे १६८४ साली तर फर्मान निघाले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ओवीतला देव दयाळू आहे आणि ओवी ज्यांच्या राज्यात छापली गेली ते राज्य दयाळू नाही. स्टीफन्सना मी यात आरोपी करीत नाही. राज्य ज्या भाषेला पुढे हाकलायला निघाले, तिच्यावर त्यांनी जीव लावला. पण भक्ताच्या वागण्यावरून देवाचा स्वभाव ओळखायचा अशी जगाची रीत आहे, आणि त्या रीतीने पाहिले तर साष्टीतल्या साध्या माणसाला हा देव प्रथम धनी म्हणूनच दिसला असणार.

धन्याचा बाप कसा होतो? याचे ख्रिस्ती उत्तर ‘त्र्येक’ या शब्दात आहे: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे मिळून एकच देव. आम्हा नांदेडकरांना हे ऐकताच माहूरचे दत्त आठवतात. तुलना सहज सुचते, पण ती लवकर तुटते. दत्ताच्या तीन मुखांत उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तीन कामे वाटलेली आहेत. ख्रिस्ती त्रयीत कामांची वाटणी मुख्य नाही, नाते मुख्य आहे. पिता आणि पुत्र हे शब्दच नात्याचे आहेत. जग निर्माण होण्याआधी, प्रेम करायला दुसरे कोणी नव्हते तेव्हाही देवाच्या ठायी प्रेम होते, असा त्याचा आशय. प्रीती हा या देवाचा एक गुण नसून तेच त्याचे असणे आहे, ही ख्रिस्ती धर्माची प्रतिज्ञा. पण प्रतिज्ञा करणे सोपे. ती माणसाच्या आयुष्यात उतरलेली पाहायची तर पंडिता रमाबाईंकडे यावे लागते.

लातूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तिथे रमाबाईंचे मुक्ती सदन. त्यांचे आईवडील पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले आणि दुष्काळात अन्नावाचून गेले. देव कसा आहे हा प्रश्न त्यांना पोथीने घातलेला नव्हता, भुकेने घातला होता. पुढे इंग्लंडमध्ये, वाट चुकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती जोगिणी कशा मायेने वागवतात ते त्यांनी पाहिले. त्यामागचे कारण त्यांनी विचारले तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट दाखवण्यात आली. लोकांनी ओवाळून टाकलेली ती बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. ज्या गावांत विहिरीचे पाणी कोणी कोणाला द्यावे यावरून डोकी फुटली, तिथल्या वाचकाला या मागण्याचे मोल सांगायला नको. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करण्यात घालवली, तेही बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. त्या १९२२ साली गेल्या, भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून झाले. त्यांचा देव पाणी मागणारा आहे, आणि पाणी मागताना तो समोरच्या बाईची मान वर करतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा देव याहून हळवा. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना सोडून नव्हे. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. कित्येकांना हे बायबलवर चढवलेले वारकरी लेणे वाटते. मला तसे वाटत नाही. यशयाच्या ग्रंथात देव स्वतःला आईची उपमा घेतो, आणि येशू यरुशलेमसाठी हळहळताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. टिळकांनी बाहेरून काही आणले नाही. मूळ ग्रंथात जे होते ते मराठी कानाला आधी ऐकू आले इतकेच. ज्या मुलखात नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई झाल्या, त्या मुलखाला दळणकांडण करू लागणारा देव नवा नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला, यातही तीच माय दिसते. मला उणीव दिसते ती दुसरी. माउलीच्या या मायेत देवाचा राग हरवतो. गरिबाला पायताणाच्या मोलाने विकणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याच्या तोंडून जो देव कडाडतो, तो टिळकांच्या अभंगांत क्वचितच भेटतो. माय रागावतच नसेल तर आमच्या वर्गातल्या पोराने न्याय कोणाकडे मागावा?

राहिल्या लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई जवळजवळ पाच वर्षे आपल्या धर्मावर टिकून राहिली. रुसली, रडली, भांडली, आणि स्वतःचे स्वतःला पटले तेव्हा १९०० साली बाप्तिस्मा घेती झाली. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आले. त्यात देवाची व्याख्या शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. घरातला पैसा वाटून मोकळा होणारा नवरा, दुष्काळातली पोरकी मुले, सोवळ्याची गाठ आतून सुटण्याचा तो प्रसंग, आणि या साऱ्यावर एक निर्मळ हसू. याच बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली प्रसिद्ध झाले. ‘ख्रिस्तायन’ आदराने वाचावे, ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा पुन्हा वाचावे. कारण या पुस्तकात देवाशी भांडता येते. पाच वर्षे रुसून बसलेल्या बाईला तो टाकीत नाही आणि घाईही करीत नाही.

इथे मला माझ्या घरचे सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपल्या जागी अंगावर आले. आठ ते दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आजीची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली होती. तिच्या घरातले कोणी राहिले नाही. आजी रडली नाही. देवघरातले टाक तिने एका फडक्यात गुंडाळले, कणगीत टाकले आणि मला विचारले, "काल वाजत गाजत बोळवला ना रं? मग त्येला झोप लागली व्हती का?" त्या दिवाळीला आमच्या उंबऱ्यावर पणती लागली नाही.

पुढे वाचनात आले की हाच प्रश्न युरोपलाही पडला होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाचा दिवस. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना लिस्बन हादरले. ज्या राजधानीच्या छायेत ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ती हीच. व्हॉल्टेअरने त्यानंतर जे झाले ते उत्तमच झाले असे म्हणणाऱ्या पंडितांची १७५९ सालच्या ‘कांदीद’मध्ये रेवडी उडवली. बायबलमध्येही असे पंडित आहेत. ईयोबाची मुले जातात, घर बसते, तेव्हा त्याचे मित्र त्याला समजावतात की तुझेच काही पाप असणार. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि त्यांनाच म्हणतो, माझ्याविषयी खरे बोलला तो तक्रार करणारा ईयोबच. का झाले ते मात्र तो सांगत नाही. ख्रिस्ती माणूस इथे क्रुसाकडे बोट दाखवतो: देवाने कारण सांगितले नाही, पण तो त्याच वेदनेत स्वतः उतरला. आजीच्या प्रश्नाला हे उत्तर पुरे पडते असे मी म्हणणार नाही. ढिगाऱ्यापाशी उभे राहून ते कोणी म्हणू नये.

मात्र या उजेडात मी उधळ्या मुलाची गोष्ट पुन्हा वाचली, आणि इतकी वर्षे नजरेतून निसटलेल्या दोन गोष्टी दिसल्या. धाकटा काही पश्चात्तापाने पावन होऊन आलेला नाही, भुकेने आला आहे. आपल्या अजामिळाने निदान नाव तरी घेतले होते. याने मनात जुळवलेले बोलणेही बाप पुरते ऐकून घेत नाही. मला चाकर म्हणून ठेव, हे शेवटचे वाक्य ओठांतच राहते. आणि दुसरी गोष्ट थोरल्याची. तो रुसून अंगणात बसतो तेव्हा बाप भरल्या पंगतीतून उठून त्याच्याकडेही बाहेर येतो. त्याची तक्रार खोटी आहे असे बाप म्हणत नाही. जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे, एवढेच म्हणतो. जमीन माघारी आली असे गोष्टीत नाही. थोरला आत गेला की नाही तेही नाही. गोष्ट संपते तेव्हा आत मेजवानी चालू आहे, आणि घरचा म्हातारा रुसलेल्या मुलाची समजूत काढीत बाहेर अंगणात उभा आहे.

ख्रिस्ती देवाचा स्वभाव मला या अंगणात सर्वांत स्पष्ट दिसतो. स्टीफन्सनी त्याचे वैभव गायिले, रमाबाईंनी त्याला विहिरीवर पाहिला, टिळकांनी त्याला माय म्हटले. पण रुसलेल्या माणसापाशी थांबून राहणारा देव दाखवला तो लक्ष्मीबाईंनी.

थोरल्याचे काही चुकले नव्हते, असे आता मी त्या मुलांना सांगेन. त्याला न्याय हवा होता आणि तो त्याचा हक्क होता. बापाने त्याला सांगितलेली गोष्ट वेगळीच होती: भाऊ परत आला.

आजीने वर्षाने ते टाक कणगीतून काढले, चिंच लावून घासले आणि जागेवर ठेवले. मी विचारले, राग गेला का? ती म्हणाली, "गेला नाही. पण बोलायला तर कुणी पायजे." त्या दिवाळीला पुन्हा पणती लागली. पुण्यामुंबईला गेलेली आपली मुले या चार दिवसांत घरी येतील, काही येणार नाहीत. रात्री उशिरापर्यंत कुणाचे तरी म्हातारे माणूस रस्त्याकडे पाहत ओट्यावर बसलेले असेल. त्याला आत बोलावण्याआधी क्षणभर त्याच्याशेजारी बसावे.