९५.७ टक्के, पण कशाचे?

मागच्या सेमिनारमध्ये माझ्या एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बोटांचं ट्रॅकिंग, अचूकता ९५.७ टक्के'. विषय होता मेसेजिंग अ‍ॅपमधले एआर फिल्टर बोटांनी चालवणं. म्हणजे स्क्रीनला हात न लावता कॅमेऱ्यासमोर चिमूट करायची आणि चेहऱ्यावरचा चष्मा बदलायचा. गाइड मॅडमनी एकच विचारलं, "कशाची अचूकता?" मला उत्तर देता आलं नाही. आकडा मी पेपरमधून उचलला होता, पेपर वाचला नव्हता. (तुम्हीही कधीतरी हे कराल.)

तो पेपर म्हणजे गूगलच्या संशोधकांचा २०२० मधला 'मीडियापाइप हँड्स'. खोली मोजणारा वेगळा सेन्सर न वापरता, मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू शोधायची पद्धत त्यात आहे. आता नीट वाचल्यावर माझं मत असं झालंय की इंजिनिअरिंग म्हणून हा पेपर फार चांगला आहे, पण 'बोटांनी एआर चालवता येतं' याचा पुरावा म्हणून तो अपुरा पडतो.

चांगलं काय ते आधी. हात शोधणं चेहरा शोधण्यापेक्षा अवघड, कारण हाताचा आकार सतत बदलतो. मग यांनी काय केलं, तर अख्खा हात शोधायचाच नाही, फक्त तळवा शोधायचा. तळवा फारसा वाकत नाही, चौकोनी चौकटीत बसतो, आणि दोन हात एकमेकांत गुंतले तरी, उदाहरणार्थ हस्तांदोलनात, वेगळा ओळखता येतो. तळवा सापडला की तेवढा तुकडा कापून दुसऱ्या मॉडेलला द्यायचा, ते २१ बिंदू काढतं. पुढच्या फ्रेममध्ये तळवा पुन्हा शोधायचा नाही, आधीच्या बिंदूंवरूनच हात कुठे असेल हे ठरवायचं. हात हरवला तरच पहिलं मॉडेल पुन्हा चालवायचं. फोनवर हे सगळं पळतं ते या काटकसरीमुळे. पिक्सेल ३ वर मधल्या आकाराच्या मॉडेलला १६.१ मिलिसेकंद लागतात, आणि ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात.

आता माझा आकडा. ९५.७ टक्के हे तळवा शोधणाऱ्या पहिल्या मॉडेलचं अ‍ॅव्हरेज प्रिसिजन आहे. बोटांचा त्यात संबंधच नाही! बोटांसाठी वेगळं कोष्टक आहे आणि त्यात चूक तळव्याच्या आकाराच्या तुलनेत दिली आहे: फक्त खऱ्या फोटोंवर शिकवलं तर १६.१ टक्के, फक्त कृत्रिम चित्रांवर २५.७, दोन्ही मिळून १३.४. (१६.१ दोनदा आलं, हा योगायोग. माझा तिथेही गोंधळ झाला होता.) पण ही २१ बिंदूंची मिळून एक संख्या आहे. चिमटीला लागतात दोनच बिंदू, अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक. सगळ्यात जास्त हलणारे आणि झाकले जाणारे बिंदू तेच. त्यांची चूक वेगळी दिलेली नाही.

खरी गोम खोलीत आहे. आरशासमोर उभे राहा आणि तर्जनीचं टोक अंगठ्याच्या थेट पुढे, पण तीन-चार सेंटिमीटर अंतरावर धरा. आरशात दोन्ही टोकं एकावर एक दिसतील. एका कॅमेऱ्यालाही तेच दिसतं. चिमूट झाली की नाही हे ठरवायला खोली लागते, आणि हे मॉडेल मनगटाच्या तुलनेतली अंदाजे खोली देतं. ती शिकलं कुठून? खऱ्या फोटोंवर खोलीची नोंद नव्हती, म्हणून केवळ कृत्रिम चित्रांतून. ती चित्रं विकत मिळणाऱ्या एका त्रिमितीय हाताच्या मॉडेलपासून बनवलेली, त्वचेच्या पाच छटांत, सुमारे १ लाख. म्हणजे ज्या मापावर सगळं नियंत्रण अवलंबून आहे, ते मॉडेलने खऱ्या माणसाच्या हातावर शिकलेलंच नाही.

खऱ्या फोटोंचंही बघा. अवघड हस्तमुद्रांचे १० हजार फोटो आहेत, पण फक्त ३० माणसांचे. ही मर्यादा लेखकांनी स्वतः लिहिली आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं. विविध प्रदेशांतले म्हणून आणखी ६ हजार फोटो आहेत, त्यांत अवघड मुद्रा नाहीत. मेंदी काढलेले हात, अंगठ्या, कोपरापर्यंत बांगड्या यांत किती होत्या, कळत नाही. नंतर आलेल्या मॉडेल कार्डमध्ये प्रदेश आणि त्वचेच्या रंगानुसार निकाल वेगळे दिले आहेत. पेपरसोबत तेही वाचा.

आणि समजा सगळे बिंदू अचूक आले. तरी मेसेजिंग अ‍ॅपमधला प्रश्न उरतोच. स्नॅपचॅटने २०१५ मध्ये लेन्स आणल्या तेव्हा 'तोंड उघडा' अशी सूचना यायची. तोंड वासणं ही मोठी, स्पष्ट क्रिया, चुकून फारशी होत नाही. बोटांचं तसं नाही. आपण हातवारे करत बोलतो, केस मागे सारतो, चष्मा वर ढकलतो. यातली कुठली हालचाल आज्ञा आणि कुठली सवय? रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये नजरेने संगणक चालवण्याबद्दल हीच अडचण मांडली होती आणि तिला मिडास राजाच्या स्पर्शाचं नाव दिलं होतं: जिथे बघाल तिथे आज्ञा सुटते. शिवाय व्हिडिओ कॉलवर एक हात फोन धरण्यात गुंतलेला, दुसरा हवेत किती वेळ धरणार? बिंदूंची चूक मोजणाऱ्या कोष्टकात यातलं काहीच दिसणार नाही.

"पेपरचा तो उद्देशच नव्हता," असं तुम्ही म्हणाल. बरोबर. दोष पेपरचा कमी आणि त्याचा आकडा उचलून 'नियंत्रण' या शब्दाशेजारी लावणाऱ्या माझ्यासारख्यांचा जास्त.

मी स्लाइड बदलली आहे. आता तिच्यावर एक रिकामं कोष्टक आहे. त्यात दोन रकाने: ठरवून केलेल्या चिमटींपैकी किती ओळखल्या, आणि पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारताना किती खोट्या चिमटी नोंदल्या गेल्या. ओळींमध्ये माणसं असतील, निदान काहींच्या हातांवर मेंदी असलेली. लग्नसराई सुरू झाली की भरायला घेईन.