रीफवर मासे दिसले, म्हणजे मासे वाढले का?

या वेळी वाचायला घेऊ जेम्स बोन्सॅक यांचा १९८९चा निबंध. जुना आहे, पण संशोधनाचा प्रश्न कसा विचारायचा हे शिकायला अजूनही कामाचा.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत अलाबामाच्या किनाऱ्यासमोर १९५३ साली गाड्यांचे २५० सांगाडे वाळूच्या सपाट तळावर टाकले. तिथे रेड स्नॅपर (आपल्या तांबोशीच्या कुळातला) जमू लागला आणि गळ टाकणारे हौशी लोक खूश झाले. मग समीकरणच ठरलं: रीफ बांधा, मासे वाढतात.

बोन्सॅक विचारतात, वाढले की नुसते गोळा झाले? राहायला जागा कमी होती म्हणून मासे कमी असतील, तर रीफ उपयोगी. पण अतिमासेमारीमुळे कमी असतील, तर रीफ विखुरलेले मासे एकत्र आणून गळाच्या तोंडी देतो. म्हणजे उपायच अपाय! दोन्ही वेळा पकड मात्र वाढलेलीच दिसते.

निबंधाचं बळ असं की तो 'हे की ते' म्हणत नाही, उतरंड मांडतो. नैसर्गिक खडकांपासून दूर, एकाच जागी राहणारी, खडकावरच अवलंबून असलेली जात असेल तर वाढ शक्य. फिरती जात आणि जोरदार मासेमारी असेल तर नुसतं आकर्षण.

माझा आक्षेप इथेच आहे. उतरंड तर्काला पटते, पण एखादी जात तिच्यावर नेमकी कुठे बसते हे कसं मोजायचं? हा आढावा आहे, प्रयोग नव्हे. त्यामुळे वाद मिटला नाही. २००९मध्ये शिप आणि बॉर्टन यांनी अलाबामाच्या रीफमुळे स्नॅपर वाढल्याची बाजू मांडली. २०११मध्ये कोवन आणि सहकाऱ्यांनी शीर्षकातच विचारलं, हे विज्ञान की श्रद्धा?

आता तुमच्यासाठी. फक्त रीफवरचे मासे मोजून उत्तर मिळणार नाही. रीफ टाकण्याआधीची मोजणी हवी, रीफ नसलेली तुलनेची जागा हवी, आणि आजूबाजूच्या तळावरचे मासे घटले का तेही बघायला हवं. मत्स्य संपदा योजनेतून आपल्याकडेही कृत्रिम रीफ टाकले जातायत. तिथला प्रकल्प घेणार असाल, तर पहिली मोजणी रीफ पाण्यात जाण्याआधी करा. नंतर ती करता येत नाही.